कायमचा पत्ता

आपल्याकडच्या कुठल्याही अर्जात पत्त्याचे दोन रकाने असतात, एक ‘सध्याचा पत्ता’ आणि दुसरा ‘कायमचा पत्ता’. बहुतेक माणसं दुसऱ्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळी होतात. विज्ञानात पीएचडी करायला परदेशी निघालेल्यांना मात्र ही सोय उरत नाही. या दोन रकान्यांमधलं अंतर पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागतं.

समजा, साताऱ्याची एक मुलगी आहे. पुण्यात बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झाली आणि तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीसमोर ती फाइल छातीशी धरून रांगेत उभी आहे. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो बाहेर थांबलेल्या बाबांकडे दिलाय. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने, तिथल्या कायद्याच्या कलम २१४(ब) प्रमाणे, समोरचा माणूस कायमचा राहायलाच निघालाय असं धरून चालायचं असतं. तसं नाही हे पटवून देणं अर्जदाराचं काम. मुलगी सांगते, ‘पीएचडी झाली की परत येणार.’ ती खोटं बोलत नसते. त्या दिवशी तिला खरंच तसं वाटत असतं.

पाच-सहा वर्षांनी प्रबंध जमा करताना तिच्यासमोर आणखी एक प्रश्नावली येते. अमेरिकेत संशोधनाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या प्रत्येकाकडून १९५७ सालापासून दरवर्षी ती भरून घेतात. हल्ली वर्षाला पन्नास हजारांहून अधिक डॉक्टर होतात आणि त्यातले बहुसंख्य ती भरतात. ही प्रश्नावलीही सरकारीच. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान, म्हणजे एनएसएफ, तिचा कारभार पाहतं. त्यात विचारलेलं असतं, पदवीनंतर कुठे राहायचा विचार आहे? भारतीय विद्यार्थ्यांपैकी फार मोठा वाटा तिथे ‘अमेरिका’ लिहितो आणि त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. एकाच सरकारच्या या दोन खिडक्या. पहिलीवर ‘परत जाणार’ म्हटल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि दुसरीवर ‘राहणार’ म्हटलं तर आकडेवारीत नोंद होते.

नातेवाइकांची समजूत अशी असते, की मधल्या काळात कधीतरी एका रात्री मुलं बसतात, डॉलर आणि आईवडील तराजूच्या दोन पारड्यांत टाकतात आणि निर्णय घेतात. मला वाटतं, असा निर्णय फार थोडे जण घेतात. बाकीचे तो पुढे ढकलतात, आणि ढकलता ढकलता तारखाच त्यांचा निर्णय करून टाकतात.

आधी आकडे पाहू. ओक रिज इथल्या संस्थेत मायकेल फिन यांनी वर्षानुवर्षं अमेरिकी कर आणि सामाजिक सुरक्षेच्या नोंदींवरून एक हिशेब मांडला. तात्पुरत्या व्हिसावर येऊन विज्ञान-अभियांत्रिकीत डॉक्टर झालेल्यांपैकी पाच वर्षांनी अमेरिकेत किती उरतात? साधारणपणे दर तिघांतले दोघे, कधी थोडे जास्त. भारतीय आणि चिनी विद्यार्थ्यांचं प्रमाण मात्र ऐंशी टक्क्यांच्या वर राहत आलंय. या आकड्याला ‘राहण्याचा दर’ म्हणतात. नाव फसवं आहे. तो फक्त एवढंच सांगतो, की पाच वर्षांनी माणूस तिथे होता. त्याला तिथेच राहायचं होतं की निघायला जमलं नाही, हे आकड्यातून कळत नाही.

पीएचडीचं अर्थकारण एमएसच्या नेमकं उलट असतं. एमएसला घरचे कर्ज काढतात. पीएचडीला विद्यापीठच फी माफ करतं आणि वर महिन्याचा स्टायपेंड देतं. त्यामुळे हा विद्यार्थी निम्मा कामगारही असतो. पैसा येतो एक तर शिकवण्याच्या कामातून, नाही तर गाईडच्या ग्रँटमधून. एनएसएफची नावाजलेली विद्यार्थी-फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. ज्याच्या खिशात अशी फेलोशिप असते तो गाईडशी पटलं नाही तर लॅब बदलू शकतो. आमच्या साताऱ्याच्या मुलीला ते जड जातं. तिचा विषय, तिचा पगार आणि तिचं त्या देशात कायदेशीर असणं या तिन्ही गोष्टी थोड्याफार एकाच माणसाच्या सहीला टांगलेल्या असतात. अर्थात बहुतेक गाईड चांगले असतात. पण टांगलेला माणूस वर बघूनच चालतो.

येताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रोफेसरकी असते. मायकेल रोच आणि हेन्री साउरमन या दोघांनी ३९ अमेरिकी विद्यापीठांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला गाठलं आणि शेवटाकडे पुन्हा गाठलं. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. सुरुवातीला ऐंशी टक्के विद्यार्थ्यांना प्राध्यापकी हवी होती. शेवटपर्यंत पंचावन्न टक्क्यांना ती हवीशी राहिली. उरलेल्या पंचवीस टक्क्यांचा त्यातला रस पार आटला. नोकऱ्या कमी आहेत म्हणून हे झालं असं आपण पटकन म्हणू, पण रस आटण्याचं तेवढंच कारण त्यांना सापडलं नाही. संशोधन रोज जवळून बघितल्यावर काहींना कळतं, की आपल्याला प्रयोग आवडतो, पण प्रयोगासाठी आयुष्यभर ग्रँटचे अर्ज लिहिणं आवडत नाही.

जागांचं गणितही आहेच. एक प्राध्यापक आपल्या कारकिर्दीत अनेकांना डॉक्टर करतो. निवृत्त झाल्यावर त्याची खुर्ची रिकामी होते ती एक. उरलेले कुठे जातात? जीवशास्त्रात अनेकांची वाट पोस्टडॉकची. डॉक्टर झाल्यावर दोन-चार वर्षं, कधी सहा, दुसऱ्याच्या लॅबमध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०२४ साली नव्या पोस्टडॉकसाठी वर्षाला ६१,००८ डॉलर हा आकडा ठरवला. बॉस्टनमध्ये घरभाडं भरून त्यातलं फारसं मागे पडत नाही. औषध कंपनी त्याच माणसाला याहून बरंच जास्त देते. मग लोक पोस्टडॉक का करतात? विज्ञानाच्या ओढीने करतात, प्रोफेसर व्हायला ती पायरी लागते म्हणूनही करतात. परदेशी विद्यार्थ्याकडे आणखी एक कारण असतं, आणि ते मुलाखतीत कुणी बोलून दाखवत नाही.

ते समजायला तारखांकडे वळावं लागेल. पदवी झाली की विद्यार्थी-व्हिसावरच बारा महिने काम करता येतं. त्याला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या लोकांना २०१६ पासून आणखी चोवीस महिने मिळतात. एकूण तीन वर्षं. पण पहिल्या वर्षात बेकारीचे दिवस एकूण नव्वदच्या वर गेले की खेळ संपला. वाढीव चोवीस महिन्यांसाठी मालकाने सरकारच्या एका ऑनलाइन पडताळणी यंत्रणेत नाव नोंदवलेलं असावं लागतं. मग एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. त्याच्या वर्षाला ६५,००० जागा, आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मार्चमध्ये नाव नोंदवायचं. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणून सोडत निघते. नंबर लागला तर काम सुरू होतं ते १ ऑक्टोबरपासून. तीन वर्षांत सोडतीच्या तीनेक संधी. सहा वर्षं प्रथिनांच्या घड्या उलगडणाऱ्या मुलीचं भवितव्य सोडतीवर ठरतं, हे पाहून तिच्या आजीला महाराष्ट्र राज्य लॉटरी आठवली तर तिचं फार चुकलं असं म्हणता येणार नाही.

विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था मात्र या जागांच्या मर्यादेतून मुक्त आहेत. त्यांना सोडत नाही, वर्षात कधीही एच-१बीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे पोस्टडॉक ही नोकरी तर आहेच, शिवाय ती पावसात थांबायला मिळालेली पडवीही आहे. माझ्या मते कारकिर्दीची निवड आणि मुक्कामाची निवड यांची गाठ इथेच पडते. ‘मला शैक्षणिक क्षेत्रातच राहायचंय’ हे वाक्य कुणाच्या तोंडी आवड असते, कुणाच्या तोंडी कागदपत्रांची सोय. बोलणाऱ्यालाही ते नेहमी वेगळं करता येत नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे. रोच आणि जॉन स्क्रेंटनी यांनी २०१९ साली स्टार्टअपकडे वळणाऱ्या डॉक्टरांचा अभ्यास छापला. परदेशी विद्यार्थ्यांची छोट्या नव्या कंपनीत जाण्याची हौस अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा कमी नव्हती. अर्ज तेवढेच, ऑफरही तेवढ्याच. प्रत्यक्ष रुजू होण्याची शक्यता मात्र निम्म्याहून कमी. दहा जणांची कंपनी उद्या बंद पडली तर व्हिसाही त्याच दिवशी धोक्यात येतो, आणि अशा कंपनीकडे ना इमिग्रेशनचा वकील असतो, ना ग्रीन कार्डची वर्षानुवर्षांची उस्तवार करायची ताकद. म्हणून पाऊल मोठ्या कंपनीकडे वळतं.

काही दारं तर बंदच असतात. रॉकेटच्या इंजिनांवर पीएचडी केलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेतली रॉकेट कंपनी सहसा घेऊ शकत नाही. शस्त्रास्त्र-निर्यातीचे नियम, ज्यांना आयटीएआर म्हणतात, तसल्या तंत्रज्ञानाची माहिती परवान्याशिवाय परदेशी नागरिकाला देणं हीसुद्धा निर्यातच समजतात, मग तो पलीकडच्या टेबलावर का बसलेला असेना. विषय निवडताना बाविसाव्या वर्षी हे कुणी सांगत नाही.

आता पुन्हा आपल्या मुलीकडे. पाचवं वर्ष संपतंय. साताऱ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. भारतीयांना विद्यार्थी-व्हिसा बहुधा पाच वर्षांचा मिळतो, आणि पीएचडी पाच वर्षांत संपेलच असं नाही. पासपोर्टावरचा शिक्का संपला तरी विद्यापीठाची कागदपत्रं चालू असतील तोवर तिथे राहायला आडकाठी नाही. पण एकदा देशाबाहेर पडलं की परत शिरायला नवं स्टॅम्पिंग हवं. म्हणजे पुन्हा तीच रांग, तोच प्रश्न, तेच २१४(ब). अपॉइंटमेंट कधी मिळेल, कागद तपासणीत अडकले तर किती आठवडे जातील, काही सांगता येत नाही. इकडे फ्रीजरमध्ये सहा महिने जपलेले नमुने. ती तिकिटाचे दर बघते, टॅब बंद करते आणि रात्री व्हिडिओ कॉलवर आईला म्हणते, ‘आई, मी डिसेंबरमध्ये येते गं.’ आई म्हणते, ‘सावकाश ये, मामी आहे इकडे.’ राहण्याच्या दराचे टक्के अशा न काढलेल्या तिकिटांतून जमत जातात.

ग्रीन कार्डची रांग हा वेगळा पसारा आहे. एका वर्षाच्या रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांपैकी एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत. आइसलँड असो की भारत, मर्यादा तीच. २०२५ साली ईबी-२ या प्रवर्गात भारतीयांमधून २०१२-१३ साली अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. असामान्य संशोधकांसाठीचा ईबी-१ हा रस्ता जरा लवकरचा, म्हणून पोस्टडॉक आपले शोधनिबंध, उद्धरणं, कुणाकुणाचे निबंध तपासून दिले त्याची पत्रं, असं सगळं वकिलाला देण्यासाठी गोळा करत बसतात. गंमत म्हणजे रांग नागरिकत्वावर ठरत नाही, जन्मस्थानावर ठरते. साताऱ्यात जन्मलेला माणूस कॅनडाचा नागरिक झाला तरी भारताच्याच रांगेत. त्याची बायको नेपाळमध्ये जन्मलेली असेल, तर मात्र दोघांनाही नेपाळच्या रांगेत जाता येतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. पुढे खुलासा आला, की देशात आधीपासून असलेल्यांनी व्हिसाचा प्रकार बदलून घेतला तर ते लागू नाही. बाहेरून येणाऱ्याला लागू. परदेशी लोक कमी व्हावेत म्हणून केलेल्या नियमाचा पीएचडीवाल्याने काढायचा अर्थ सरळ आहे: आत आहेस तर हलू नकोस. दोन वर्षं पुण्यात काम करून बघू, नाही जमलं तर परत येऊ, ही मधली वाट त्यामुळे बुजत चालली आहे. दार जितकं घट्ट, तितका आतला माणूस आतच राहतो. सीमेवरच्या नियमांचा हा जुनाच विनोद आहे.

सक्तीने परत पाठवलं तर काय होतं, हे फुलब्राइट शिष्यवृत्तीने दाखवून दिलंय. तिच्यावर गेलेल्यांना शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहावंच लागतं. शुलामित कान आणि मेगन मॅकगार्व्ही यांनी अशा डॉक्टरांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण ही अट नसलेल्या परदेशी डॉक्टरांशी केली. श्रीमंत देशांतून आलेल्यांच्या संशोधनावर परत जाण्याने फरक पडला नाही. गरीब देशांत परतलेल्यांचे निबंध आणि त्यांची दखल दोन्ही घटली. बुद्धी तीच होती, लॅब बदलली. उलट टोकाचं उदाहरण चीनचं. १९८९ च्या तियानानमेन हत्याकांडानंतर अमेरिकेने १९९२ साली कायदा केला आणि पन्नास हजारांहून अधिक चिनी नागरिकांना ग्रीन कार्ड दिलं. त्यात विद्यार्थ्यांचा भरणा होता. एका पिढीचा मुक्काम एका ठरावाने ठरला. सोळा वर्षांनी, २००८ मध्ये, चीनने ‘हजार प्रतिभा’ योजना काढून आपली माणसं परत बोलवायला सुरुवात केली. अशा परतलेल्यांना चिनी भाषेत ‘हायग्वी’ म्हणतात. उच्चार तोच ठेवला की त्याचा अर्थ समुद्री कासव असाही होतो. अंड्यातून बाहेर पडलं त्या किनाऱ्यावर परत येणारं.

युरोपातही घड्याळं आहेत, काटे वेगळे. जर्मनीत विद्यापीठातल्या मुदतीच्या नोकरीला कायद्याने मर्यादा आहे: साधारण सहा वर्षं पीएचडीपर्यंत, सहा त्यानंतर. मग कायमची जागा तरी मिळवा, नाही तर विद्यापीठाबाहेर पडा. ब्रिटनने शिक्षणानंतर कामाची मुभा २०१२ मध्ये काढून घेतली आणि २०२१ मध्ये परत दिली, पीएचडीवाल्यांना तीन वर्षं. मधल्या नऊ वर्षांत तिथे शिकलेल्यांची चूक एवढीच, की ते मधे जन्मले.

जोडीदाराचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण आकडेवारीत तो सगळ्यात कमी दिसतो आणि घरात सगळ्यात जास्त. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला, ग्रीन कार्डची प्रक्रिया पुढे सरकली असेल तरच, २०१५ पासून परवानगी मिळू लागली. दोघंही डॉक्टर असतील, तर एकाच शहरात दोन जागा शोधायच्या. भौतिकशास्त्रवाले याला ‘दोन वस्तूंचं कोडं’ म्हणून हसतात. त्यात तिसरी वस्तू, म्हणजे मूल, आली की कोडं सुटत नाही, हेही त्यांनाच ठाऊक.

आपल्याकडे याची दोन उदाहरणं घरची आहेत. दुर्गा भागवतांची धाकटी बहीण कमला १९३९ साली केंब्रिजची पीएचडी घेऊन लगेच परतली. वनस्पतींमधलं सायटोक्रोम-सी हा तिचा विषय. पुढचे मुक्काम: दिल्लीचं वैद्यकीय महाविद्यालय, मग निलगिरीतलं कुन्नूर, तिथे पोषण-संशोधन. १९४७ साली लग्न झालं, सोहोनी झाल्या आणि मुंबईला आल्या. पुढचं नीरेवरचं काम मुंबईत विज्ञान संस्थेत झालं. कुन्नूरहून मुंबईला येणं ही कारकिर्दीची निवड होती की संसाराची, हे विचारायची पद्धत तेव्हा नव्हती.

दुसरं उदाहरण नारळीकरांचं. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले, १९६३ मध्ये फ्रेड हॉइल यांच्याकडे पीएचडी झाली आणि १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरला, आले. त्यांच्या परतण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मंगला नारळीकर लग्नाआधी टीआयएफआरमध्ये गणित करत होत्या, ते अर्धं सोडून केंब्रिजला गेल्या. तिथे शिकवलं, मुली झाल्या. त्यांची पीएचडी झाली ती भारतात परतल्यावर, १९८१ साली. एकाच घरातल्या दोन डॉक्टरेटमध्ये अठरा वर्षांचं अंतर. जयंतरावांच्या आत्मचरित्राचं नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. या चार नगरांचा हिशेब मंगलाताईंच्या बाजूने मांडला, तर वेगळं पुस्तक होईल.

परतायला नुसती इच्छा पुरत नाही, परतायला जागा लागते. हरगोविंद खोराना १९४९ साली भारतात आले, नोकरी मिळाली नाही, पुन्हा केंब्रिजला गेले, मग कॅनडा, मग अमेरिका, आणि १९६८ ला नोबेल. २००६ मध्ये पुणे आणि कोलकात्यात आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) सुरू झाल्यावर पहिल्यांदा मोठ्या संख्येने परदेशातल्या पोस्टडॉकना ‘ये’ म्हणणारं दार उघडलं. रामानुजन फेलोशिप, रामलिंगस्वामी पुनःप्रवेश फेलोशिप आहेत. तरी २०२०-२१ साली भारताने संशोधनावर देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्केच खर्च केला. परतलेल्या जीवशास्त्रज्ञाला विचारा, तो आकडा सांगणार नाही. तो सांगेल, की कोरड्या बर्फातून मागवलेलं एन्झाइम विमानतळावर कस्टममध्ये पडून होतं आणि बर्फ उडून गेला. २०११ मध्ये सोळा देशांतल्या शास्त्रज्ञांची पाहणी झाली होती. तिच्यात भारतीय शास्त्रज्ञांपैकी जवळपास चाळीस टक्के देशाबाहेर निघाले, आणि भारतात काम करणाऱ्यांत परदेशी एक टक्काही नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक परदेशी. आपण नेहमी गेलेल्यांचा हिशेब करतो. न आलेल्यांचा कधीच करत नाही.

आणि राहिलेलेही एका जागी राहत नाहीत. वेंकी रामकृष्णन बडोद्याहून ओहायोला गेले, १९७६ साली भौतिकशास्त्रात पीएचडी झाले, मग जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी झाले. येलमध्ये पोस्टडॉक केल्यावर पन्नासेक ठिकाणी प्राध्यापकीचे अर्ज टाकले, काही जमलं नाही. सरकारी प्रयोगशाळा, मग युटा. १९९९ साली पगार बराच कमी करून घेऊन केंब्रिजला आले, कारण तिथे रायबोसोमसारख्या लांब पल्ल्याच्या प्रश्नाला दरवर्षी ग्रँट मागत बसावं लागणार नव्हतं. दहा वर्षांनी नोबेल. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी केलेल्या या स्थलांतराची नोंद पदवीच्या दिवशी भरलेल्या कुठल्या प्रश्नावलीत सापडायची?

आपल्या मुलीची प्रश्नावली अजून भरून व्हायची आहे. पुढचं ठरलंय का: करार झालाय, बोलणी चालू आहेत, की शोध सुरू आहे? ती ‘बोलणी चालू’ निवडते. देश: अमेरिका. थोडी थांबते, मग पुढे जाते. शेवटाकडे एक साधी विचारणा आहे. पुढे कधी तुम्हाला गाठायचं झालं, तर तुम्ही कुठे आहात हे ज्याला नक्की माहीत असेल अशा एका माणसाचं नाव आणि पत्ता द्या. सहा वर्षांत तिने चार घरं बदलली आहेत आणि पाचव्याचं डिपॉझिट भरायचंय. ती बाबांचं नाव टाइप करते. खाली पेठ, सातारा, पिनकोड.